सौंदर्याचे दहा रविवार, शुल्क ९०० रुपये

पहिल्या दिवशी जिना चढलो, दारावरचा फलक वाचला आणि तिथूनच मागं फिरावंसं वाटलं. ‘सौदर्य : निरनिराळ्या शास्त्रांच्या नजरेतून’. अनुस्वार नाही. दहा रविवार ज्या शब्दावर बोलायचं, त्याच्याच डोक्यावरचा ठिपका गायब! मी चौतीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न मेकर होतो. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवरचा एक ठिपका इकडचा तिकडे झाला की अख्खा लॉट भंगारात जातो. पण ९०० रुपये भरून झाले होते, आणि ते परत मिळणार नाहीत हे पावतीवर सगळ्या अनुस्वारांसकट नीट छापलेलं होतं. मग बसलो.

ज्यांना नुसती कामाची माहिती हवी त्यांच्यासाठी आधी ती सांगतो. वर्ग टिळकवाडीत, एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर. वेळ दहा ते बारा, म्हणजे साडेदहा ते पावणेएक. तीसेक माणसं, निम्मी आमच्यासारखी पिकली पानं आणि निम्मी कॉलेजची पोरं. दर खेपेला वेगळ्या विषयाचे मास्तर. बोलणं मराठीत. धारवाडहून येणारे भौतिकशास्त्राचे सर रंगात आले की कन्नडमध्ये शिरायचे, पण त्याची तक्रार कुणी केली नाही. रंगात आल्यावर आपण तरी काय वेगळं करतो? चहा एकदाच, कप एवढासा. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना सांभाळा.

घरातून निघताना आमची ही म्हणाली, “सुंदर काय ते कळायला नऊशे रुपये? पस्तीस वर्षं समोर बसून जेवलात, तेव्हा कळलं नाही काय?” त्या प्रश्नाला दहा रविवारांनंतरही माझ्याकडे उत्तर नाही, पण तो वर्गाचा दोष नव्हे.

माझं काम आधी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅटर्न म्हणजे लाकडात केलेली हुबेहूब वस्तू. ती वाळूत ठासायची, अलगद काढायची आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. आतला कोपरा काटकोनात सोडला तर रस थंड होताना तिथंच तडा जातो, म्हणून तिथं मेण किंवा पुट्टी भरून गोलाई द्यायची. ती गोलाई डोळ्यालाही बरी वाटते. त्यामुळं आमच्या शॉपमध्ये सगळे म्हणायचे, दिसायला बरं ते टिकायला बरं. मीही म्हणायचो. मग एकदा एका व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग असं देखणं उतरलं की मोल्डर लोक काम सोडून बघायला आले. नवरीसारखं. मशीन शॉपमध्ये चढवलं, तिसऱ्या कटला टूल आत गेलं आणि मुठीएवढं ब्लो होल उघडं पडलं. तेव्हापासून देखण्या वस्तूकडे बघताना माझा एक डोळा आतल्या पोकळीकडे असतो.

म्हणून मी ठरवून टाकलं होतं, प्रत्येक मास्तरांना एकच विचारायचं : तुमच्या शास्त्रात असं कधी झालंय काय, वरून देखणं आणि आत पोकळ? ज्यांनी सरळ उत्तर दिलं त्यांचा तास पैसे वसूल. हीच माझी फूटपट्टी, आणि हे परीक्षण त्याच फूटपट्टीनं केलेलं आहे.

पहिले दोन रविवार संस्कृतच्या बाई आणि तत्त्वज्ञानाचे सर. बाईंनी माघ कवीची ओळ फळ्यावर लिहिली, ‘क्षणे क्षणे यन्नवतामुपैति तदेव रूपं रमणीयतायाः’. रैवतक पर्वत बघताना आलेली ओळ. क्षणाक्षणाला जे नवं वाटतं तेच रमणीय. ऐकायला छान, पण मी एकच पुली पॅटर्न अकरा वर्षं दुरुस्त करत होतो, तो काही मला क्षणाक्षणाला नवा वाटला नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मग तो तुमच्यासाठी रमणीय नसेल.” बरोबर आहे.

तत्त्वज्ञानाच्या सरांनी जर्मन तत्त्वज्ञ कांट आणला. १७९० चं पुस्तक. सौंदर्याचा आस्वाद घेताना वस्तूपासून आपल्याला काही मिळवायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. मी हात वर केला. कास्टिंगकडे मी जन्मात कधी असं बघितलेलं नाही, त्यावर माझा पगार होता. सरांनी टाळलं नाही. म्हणाले, कांटनं दोन प्रकार सांगितलेत. फुलासारखं मोकळं सौंदर्य, आणि घोडा किंवा इमारत यांच्यासारखं, वस्तू कशासाठी आहे याच्याशी बांधलेलं. तुमचं कास्टिंग दुसऱ्या खान्यात. मग ते रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’कडे वळले. १९७४ चा ग्रंथ, दुसऱ्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. सौंदर्याला दोन ध्रुव असतात, एक रोजच्या जगण्याला जोडलेला आणि एक त्यापासून तुटलेला, आणि आपली ओढाताण या दोहोंमध्ये चालते, हे त्यातलं मला झेपलं तेवढं. पुस्तक खाली वाचनालयातून घरी आणलंय. उशीला पुरेल एवढं जाड आहे, वाचून व्हायला पुढची दिवाळी उजाडेल.

तिसरा रविवार गणिताचा. हा तास मी विसरणार नाही.

मास्तर हायस्कुलातून निवृत्त झालेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून सुपाऱ्या काढल्या. टेबलावर एक ठेवली. तिच्या बाजूनं गवंडी गुण्या लावतो तशा तीन मांडल्या, झाला दोन बाय दोनचा चौकोन. त्याच्या बाजूनं पाच, झाला तीन बाय तीनचा. मग सात. “विषम संख्या ओळीनं मिळवत जा,” म्हणाले, “नेहमी वर्ग येणार. एक, चार, नऊ, सोळा. सिद्ध करायला अजून काय पाहिजे?” काहीच नको होतं. शाळेत हे सूत्र मी पाठ केलं होतं आणि परीक्षेनंतर विसरलो होतो. सुपाऱ्या बघितल्या आणि वाटलं, हे दुसरं कसं असूच शकत नाही. बाजूची कॉलेजची पोरगी हळूच “अय्या” म्हणाली. तो अय्या आणि मोल्डर लोकांचा “आयला!” एकाच जातीचा.

मग मी माझा प्रश्न टाकला. मास्तर खुश झाले, जणू त्याचीच वाट बघत होते. सांगायला लागले : २०१४ साली लंडनचे मेंदूशास्त्रज्ञ सेमिर झेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा गणितज्ञांना साठ सूत्रं दाखवली. आधी त्यांच्याकडून सुंदर, कुरूप असे गुण घेतले, मग मेंदूचं स्कॅनिंग करताना तीच सूत्रं पुन्हा दाखवली. सुंदर वाटलेल्या सूत्रांना मेंदूचा जो भाग जागा झाला, तोच भाग आवडतं गाणं ऐकताना, चित्र बघतानाही जागा होतो. सर्वांत सुंदर ठरलं ऑयलरचं सूत्र. आणि सर्वांत कुरूप? रामानुजनचं. ‘एक भागिले पाय (π)’ काढायची त्यांची अनंत श्रेणी. वर्गात एकदम कुजबुज झाली, आपल्या माणसाचा अपमान झाल्यासारखी. मास्तरांनी ते सूत्र फळ्यावर लिहिलं. खरंच, ११०३ काय, २६३९० काय, ९८०१ काय, जुन्या बाजारातून उचलून आणल्यासारखे आकडे. “आता यातली एकेक पायरी घेत जा,” ते म्हणाले, “दर पायरीला पायचे आठेक अंक बरोबर मिळतात. १९१४ सालचं सूत्र. १९८५ मध्ये हेच वापरून संगणकावर पायचे एक कोटी सत्तर लाखांवर अंक काढले.” म्हणजे उलटा ब्लो होल! वरून ओबडधोबड, आत भरीव.

तेवढ्यावर न थांबता त्यांनी चार रंगांचा प्रश्न काढला. कुठलाही नकाशा, शेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग येऊ न देता, चार रंगांत रंगवता येतो. १८५२ मध्ये इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना एका तरुणाला हे सुचलं. सिद्ध झालं १९७६ मध्ये, तेही ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाला हजार तासांवर राबवून. माणसानं बसून वाचावी अशी ती सिद्धता नाही, पुष्कळांना ती कुरूप वाटते, पण खोटी म्हणता येत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “चार रंग पुरतात हे ठीक सर, पण आमच्या भागाला कुठला रंग द्यायचा तेवढं सांगा की वो.” हशा पिकला. बेळगावात नकाशाचा विषय काढला की दुसऱ्या रंगापाशीच गाडी अडते, हे मास्तरांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी शांतपणे सुपाऱ्या पिशवीत भरल्या.

चौथ्या रविवारी नेमके बाहेरगावचे पाहुणे, आणि तो तास म्हणजे शुद्ध पैशाची माती. विषय सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे लांबी रुंदीच्या १.६१८ पट. ग्रीकांचं देऊळ, शंख, माणसाचा चेहरा, गॅलेक्सी, एटीएम कार्ड, सगळं त्याच मापाचं म्हणे. पडद्यावर फोटो यायचा आणि त्यावर त्या मापाच्या वळीची सोनेरी गोगलगाय बसायची, कुठंही बसायची. सूर्यफुलाचं ते खरं आहे. बियांच्या वळ्या मोजल्या तर ३४, ५५ असे आकडे येतात, त्यांचा भागाकार १.६१८ च्या जवळ, आणि त्याचं कारणही वाढीत सापडतं. पण एटीएम कार्ड माझ्या खिशात होतं, आणि सवयीनं स्केलही. मोजलं, साधारण ८५.६ बाय ५४. भागाकार १.५८५. चौपन्नाला १.६१८ नं गुणलं तर लांबी सत्त्याऐंशीच्या पुढं जायला हवी, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर कमी. मी तसं म्हटलं. पाहुणे म्हणाले, “जवळपास आहे ना!” आमच्याकडे जवळपास असलेला पॅटर्न चुलीत घालतात.

जाता जाता एक सांगतो. माझ्या खिशातलं स्केल श्रिंकेजचं होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना मीटरमागे दहाएक मिलिमीटर आकसतं, म्हणून आमच्या स्केलवरचा प्रत्येक मिलिमीटर तेवढा मोठा आखलेला असतो. त्यामुळं घरी जाऊन साध्या पट्टीनं पुन्हा मोजलं, वर दिलेले आकडे त्याच मोजणीचे. आणि मग कपाळाला हात लावला, कारण गुणोत्तराला त्यानं काय फरक पडणार? दोन्ही बाजू सारख्याच चुकतात. या तासात एवढं एकच शिकलो आणि तेही माझं मीच.

शंखाचा हिशोब पाचव्या रविवारी मानसशास्त्राच्या मॅडमनी न मागता चुकता केला. नॉटिलसची वळी सुंदर आहे, तिचा आकार वाढतानाही तोच राहतो, पण ती सुवर्ण वळी नव्हे, त्यापेक्षा सावकाश पसरते. जर्मनीच्या फेखनरनं १८७६ साली लोकांपुढं दहा आयत ठेवले, तिघांतल्या साधारण एकानं सुवर्ण आयत उचलला. पुढं अनेकांनी तोच प्रयोग केला आणि निकाल काही एकसारखा येईना. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी मागं वळून आयोजकांकडे बघितलं. ते चहाचे कप मोजत होते.

याच तासाला थोडी गंमतही झाली. १८७८ मध्ये गाल्टननं गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापले. गुन्हेगाराचा अस्सल चेहरा त्याला काढायचा होता, निघाला तो एकेकट्यापेक्षा बरा दिसणारा गृहस्थ. मॅडमनी आम्हा बारा जणांचे फोटो तसेच मोबाईलवर एकत्र केले. आला एक गुळगुळीत, बरा माणूस, कुणाचाच नव्हे असा. माझ्या मिशीची नुसती सावली उरली होती. अर्थशास्त्राचं त्यांनी पाच मिनिटांत उरकलं : हॅमरमेश आणि बिडल यांचा १९९४ चा अभ्यास, दिसायला सामान्यांहून डाव्या माणसांना पाच ते दहा टक्के कमी पगार. यावर मला बोलायचं नाही. भट्टीसमोर सगळे सारखेच काळे दिसतात.

जीवशास्त्राचा तास बरा झाला, पण मास्तर घाईत होते. मोराचं पीस बघून आपल्याला मळमळतं असं डार्विननं १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं, एवढं ऐकून मी सरसावून बसलो. जगायला उपयोगी ते टिकतं म्हणायचं, तर हा एवढा पिसारा कशाला? १८७१ मध्ये त्यानं उत्तर दिलं, लांडोरीची निवड. तिला आवडतं म्हणून. उत्क्रांतीचा तोच सिद्धांत मांडणाऱ्या वॉलेसला ते पटलं नाही. पाखराला कसली आलीय सौंदर्यदृष्टी, असा त्याचा सूर. हा वाद इतका रसाळ, आणि मास्तरांनी तो नेमका हुबळीची गाडी गाठायची म्हणून अर्धवट सोडला. माझी सासुरवाडी खानापूरकडची. तिथं मोर भुईमुगात उतरतो तेव्हा त्याच्या पिसाऱ्याबद्दल शेतकरी काय बोलतात हेही शास्त्रात यायला हवं.

आता तंबोऱ्याचा रविवार. भौतिकशास्त्राचे धारवाडचे सर आणि गाण्याच्या एक बाई, दोघं एकत्र. वाद्य मिरजेचं. बाईंनी आधी नुसतं छेडलं, खोलीभर झंकार. मग प्रत्येक तारेखाली, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अडकवलेला साधा सुती दोरा ओढून काढला आणि पुन्हा छेडलं. ठक. कोरडं. जणू तोंडावर हात ठेवला. दोरा परत घातला, नखानं केसभर मागं, केसभर पुढं, आणि एका जागी आवाज फुलला. एवढाच दोरा! मी उठून पुढं गेलो. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नाही, बोट फिरवलं की अगदी पुसटसा उतार लागतो. जवारी, म्हणजे तो झंकार, काढणारा कारागीर तो उतार कानानं घासतो. त्याला माप नाही. मी आयुष्यभर रंधा आणि पॉलिश पेपर चालवला, मला ते बघून घाम फुटला.

सर म्हणाले, “नोड्री काका, नियम काय सांगतो? तार जिथं छेडता, तिथं ज्या उपस्वराचा, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वराचा, स्थिर बिंदू पडतो, तो उपस्वर वाजताच कामा नये. पण तंबोऱ्यात तो वाजतो.” १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी हेच नोंदवलं. कारण तार घोडीच्या त्या उतारावर सारखी टेकते, सुटते, टेकते, आणि प्रत्येक टेकण्यात नवे उपस्वर जागे करते. गाण्याच्या बाई म्हणाल्या, आम्ही याला जवारी बोलते असं म्हणतो. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्यात किती जीव घालायचे ते त्यांनी सांगितलं. एकाच दोऱ्यावर दोन शास्त्रं दोन भाषांत बोलत होती आणि कुणी कुणाचं म्हणणं खोडत नव्हतं.

मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. बाईंनी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली. “काका, इथं आत पोकळ असावंच लागतं.” सगळा वर्ग हसला, मीही.

सरांनी मात्र जाता जाता उत्तर दिलं. खगोलशास्त्रज्ञ केपलरनं १५९६ मध्ये सहा ग्रहांच्या मध्ये पाच नियमित घनाकृती बसवल्या. इतकं नीटस की देवानंच केलं असावं असं त्याला वाटलं. चुकीचं होतं. १६०९ मध्ये त्यानंच लंबवर्तुळं मांडली. उलट भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक समीकरण सुंदर असण्याला प्रयोगाशी जुळण्याहूनही मोठं मानायचा, आणि त्याच्या १९२८ च्या समीकरणातून ज्या कणाची चाहूल लागली तो १९३२ मध्ये खरोखर सापडला. “म्हणजे धरायचं काय?” त्या कॉलेजच्या पोरीनं विचारलं. सर म्हणाले, “कटला लावून बघायचं.” हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता, त्याचं मी श्रेय घेतो.

किल्ल्यातल्या कमल बस्तीची, म्हणजे जुन्या जैन मंदिराची, सहल दोन तासांची म्हणून जाहीर केली आणि पाऊण तासात उरकली, कारण गाडी उशिरा आली. १२०४ सालची बस्ती, रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचिराज यानं बांधलेली. मंडपात मान वर केली की छतातून दगडी कमळ लोंबतं, ७२ पाकळ्यांचं, भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांचं. मी खाली उताणा झोपून बघणार होतो. तेवढ्यात शिट्टी झाली. यासाठी पुन्हा एकटा जाऊन आलो, ते शुल्कात धरलेलं नाही. उरलेल्या दोन रविवारांपैकी एक आयत्या वेळी रद्द झाला, बदली दिला नाही, पैशाचा तर विषयच नको. दुसरा समारोपाचा, म्हणजे हारतुरे.

सगळ्यांत मोठी तक्रार वेगळीच आहे. शहापूर-वडगावात घरोघरी साडीचे माग. माडीवरून उतरून रिक्षा केली तर दहा मिनिटांत पोहोचाल. दहा रविवारांत एकाही विणकराला बोलावलं नाही. काठाला कुठला रंग जातो आणि कुठला जात नाही हे त्यांना विचारलं असतं, तर कांटच्या दोन्ही खान्यांची चाचणी तिथल्या तिथं झाली असती. मी लेखी सूचना दिली आहे. खाली सहीपण केली, मोबाईल नंबर घातला. फोन आलेला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. गणित आणि तंबोरा मिळून तीन, उरलेला अर्धा मॅडमना. पुढची तुकडी दिवाळीनंतर. जायचं असेल तर साडेदहालाच जा, खिडकीच्या बाजूला बसा आणि खुर्चीवर घालायला काहीतरी न्या. फलकावरचा अनुस्वार मी शेवटच्या दिवशी मार्करनं दिला आहे. नाव पुन्हा घातलंय, या वेळी दोघांचं. पैसे हिनं भरलेत, तेव्हा गाडी उशिरा आली तर काय ते ती बघून घेईल.